पुलाखाली जिराफ दिसले, म्हणजे प्रश्न सुटला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नुकताच नैरोबी राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. उंच पुलावरून आगगाडी धडधडत गेली आणि खाली जिराफ निवांत चरत होते. विकास आणि वन्यजीव दोन्ही एकत्र नांदू शकतात याचा याहून मोठा पुरावा कोणता? मग या रेल्वेला एवढा विरोध कशासाठी झाला? आणि अशा प्रकल्पांत समतोल नेमका साधायचा कसा?"

तुम्ही पाहिलंत ते खरं आहे, आणि तुमचा आनंदही मला समजतो. रस्ते-रेल्वेमुळे वन्यप्राण्यांवर काय परिणाम होतो, हे तपासणं हा माझा धंदा. वीसेक वर्षं झाली. त्यातली सहा नैरोबीत गेली, बाकीची बहुतेक विदर्भात. त्या पुलाखाली मीही गाडी थांबवून जिराफांचे फोटो काढले आहेत. पण तुम्ही उभे होतात ती जागा चुकीची होती. पुलाखालून उत्तर दिसत नाही. तिथून दक्षिणेला, मबागाथी नदीपर्यंत जाऊन पलीकडे पाहायला हवं होतं. तिकडे नंतर येतो.

आधी रेल्वे. नैरोबीत रेल्वेला "बाहेरून आलेली" म्हणणं जरा गमतीचंच आहे, कारण ते शहर रेल्वेच्याच पोटी जन्मलं. 1896 मध्ये मोंबासाहून युगांडा रेल्वेचं काम सुरू झालं, 1899 मध्ये रूळ एका दलदलीपाशी पोचले. मासाई लोक त्या जागेला थंड पाण्याची जागा अशा अर्थाने "एन्कारे न्यैरोबी" म्हणत. तिथे रेल्वेचा तळ पडला आणि तळाचं शहर झालं. रूळ टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते, त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. उद्यान आलं त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, 1946 मध्ये. केनियातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, 117 चौरस किलोमीटरचं. मुंबईकरांना अंदाज यावा म्हणून सांगतो, आपलं बोरिवलीचं संजय गांधी उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आकाराने भावंडंच. फरक इतकाच, की नैरोबीत सिंह आहेत, काळे गेंडे आहेत, रानम्हशी आहेत. हत्ती मात्र नाहीत, कडेच्या अनाथालयातली पिल्लं सोडली तर.

आता नवी रेल्वे. मोंबासा ते नैरोबी हा स्टँडर्ड गेज (म्हणजे नव्या मापाच्या रुळांचा) मार्ग 31 मे 2017 ला सुरू झाला. त्यापुढे नैवाशाच्या दिशेने जाणारा टप्पा ऑक्टोबर 2019 मध्ये सुरू झाला, आणि तुम्ही पाहिलेला पूल या दुसऱ्या टप्प्यातला. मार्गाचे सात पर्याय तपासले होते. निवडला गेला तो उद्यानाला आडवा छेद देणारा, सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या पुलावरून जाणारा. सर्वांत उंच खांब चाळीस मीटरच्या घरात आहेत. लोक पर्यावरण न्यायाधिकरणात गेले, 2016 मध्ये कामाला स्थगिती मिळाली, तरी 2018 मध्ये काम सुरू झालं. गंमत म्हणजे हस्तिदंताच्या तस्करीशी उभं वैर घेतलेले रिचर्ड लीकी तेव्हा केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी वन्यजीव यंत्रणेचे अध्यक्ष होते आणि त्यांनी पुलाच्या पर्यायाला पाठिंबा दिला. त्यांचा हिशेब असा की रेल्वे येणारच असेल तर निदान जमिनीवरून न जाता हवेतून जाऊ दे. तो हिशेब मला अगदीच चुकीचा वाटत नाही. त्यासाठी त्यांना शिव्या घालणाऱ्यांत मी नव्हतो.

पण उद्यानातूनच का? याचं उत्तर अभियांत्रिकीत नाही, भूसंपादनात आहे. पहिल्या टप्प्यात मोबदल्यापायी सरकार पोळलं होतं. मार्ग जाहीर झाला की जमिनींचे भाव फुगतात, दावे लागतात, कामं अडतात. समृद्धी महामार्गाच्या गावांतून फिरलेल्या कुणालाही हे सांगायला नको. उद्यानाची जमीन मात्र सरकारची. तिथे कुणी सातबारा घेऊन उभा राहत नाही. गेंडा कलेक्टर कचेरीत हरकत नोंदवत नाही. नकाशावरचा हिरवा तुकडा म्हणजे फुकटची जमीन, असं वाहतूक खात्यातल्या माणसाला वाटतं. मी हे केनियात पाहिलं, टांझानियात पाहिलं, आपल्याकडे तर रोजच पाहतो. विरोध पुलाच्या खांबांना कमी आणि या सवयीला जास्त होता. आधी सदर्न बायपास या शहराच्या वळणरस्त्याने कडेची पट्टी घेतली, मग रेल्वेच्या पहिल्या टप्प्याने एक कोपरा घेतला, मग हा पूल. दरवेळी "समतोल" साधला गेला. दरवेळी "थोडंसंच" गेलं. ज्याच्याकडे 117 चौरस किलोमीटर आहेत त्याने प्रत्येक वाटाघाटीत थोडं द्यायचं आणि ज्याच्याकडे बाकी सगळा देश आहे त्याने प्रत्येक वेळी थोडं घ्यायचं, याला समतोल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पूल म्हणून पूल कसा आहे? चांगला आहे. काम चालू असताना त्रास झाला, बांधकामासाठी टप्प्याटप्प्याने कुंपणं घातली गेली, यंत्रांचा आवाज, धूळ, रात्रीचे दिवे. पण बांधून झाल्यावर उंच पूल हा प्राण्यांच्या दृष्टीने सर्वांत कमी वाईट पर्याय असतो. याची दुसरी बाजू पाहायची तर मोंबासाच्या वाटेवरच्या त्साव्हो उद्यानांत जायचं. तिथे पहिल्या टप्प्याची रेल्वे बहुतांश भरावावरून जाते, दोन्ही बाजूंना कुंपण, आणि प्राण्यांसाठी मधेमधे खालून वाटा ठेवलेल्या. त्साव्हो पूर्व आणि पश्चिम मिळून बावीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, हत्तींचं घर. हत्तींना कॉलर लावून त्यांच्या हालचाली नोंदल्या तेव्हा दिसलं, की काही हत्ती या वाटा वापरायला शिकले, काही कुंपण तोडून रुळांवर आले, काही भरावापर्यंत येऊन मागे फिरले. त्यातही नकाशात न दिसणारी एक अडचण आहे. तिथे जुनी रेल्वे, नवी रेल्वे आणि मोंबासा महामार्ग जवळजवळ समांतर धावतात. रेल्वेखालच्या प्रशस्त वाटेतून हत्ती बाहेर पडला की समोर ट्रकची रांग. दोन खाती, दोन आराखडे. एकाने दार ठेवलं आणि दुसऱ्याने दारासमोर भिंत घातली. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की एका प्रकल्पाचा अहवाल वाचू नका, त्या पट्ट्यातले सगळे अहवाल एकावर एक ठेवून वाचा.

खालून जाण्याच्या वाटा कामच करत नाहीत असं नाही. नागपूर-सिवनी महामार्गावर, मानसर ते खवासा या पेंचच्या पट्ट्यात, महाराष्ट्राच्या बाजूला अशी नऊ बांधकामं आहेत, सर्वांत लांब 750 मीटरचं. कॅमेऱ्यांत तिथून वाघही जाताना दिसले. पण ते सहजासहजी झालं नाही. न्यायालयात वर्षानुवर्षं भांडावं लागलं. आणि तिथे दोन्ही बाजूंना जंगल शिल्लक होतं, हे महत्त्वाचं. वाट कितीही चांगली बांधली, तरी ती जिथे पोचते तिथे काही उरलं असेल तरच तिला अर्थ.

इथे मबागाथीचा विषय येतो.

नैरोबी उद्यानाला उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी कुंपण आहे. दक्षिण बाजू उघडी आहे, तिथे नदी हीच सीमा. नदीपलीकडे किटेंगेला आणि त्यापुढे आथी-कापुतिएईची मैदानं, दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख. उद्यान त्याच्या जेमतेम विसाव्या भागाएवढं. पाऊस पडला की विल्डबीस्ट (मोठाल्या कळपांनी हिंडणारे, हरणांच्या कुळातले दांडगे प्राणी) आणि झेब्रे उद्यान सोडून या मैदानांवर जात, तिथल्या आखूड, सकस गवतावर पिल्लं घालत. उद्यानात पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, चरायला निबर आणि सिंहाला दबा धरायला सोयीचं. कोरड्या महिन्यांत मैदानं करपली की हेच कळप पाण्यासाठी परत उद्यानात येत. म्हणजे उद्यान हे त्या प्राण्यांचं घर नव्हतंच कधी. ते उन्हाळ्यातलं पाणवठ्याचं गाव होतं. आपले धनगर पावसाळ्यात माणदेशात आणि नंतर कोकणात उतरतात, तशातलाच प्रकार. आता कल्पना करा, की कुणी कोकणाला "धनगर अभयारण्य" जाहीर केलं, उत्तम राखलं, आणि माणदेश प्लॉट पाडून विकला.

तेच झालं. किटेंगेलाची जमीन मासाई पशुपालकांची, सामायिक मालकीचं "ग्रूप रँच". 1980 च्या दशकाच्या अखेरीस ती वाटून एकेकाच्या नावावर झाली. 1990 नंतर शेजारच्या आथी रिव्हर या गावी निर्यात क्षेत्र आलं, कारखाने आले, सिमेंटचे कारखाने आधीच होते, कामगारांना खोल्या हव्या झाल्या. नैरोबीतल्या नोकरदाराला स्वस्तात घर हवं होतं. किटेंगेला हे गाव 2019 च्या जनगणनेत दीड लाखावर पोचलं. प्लॉट म्हटला की पहिलं काम कुंपणाचं. कुंपणच शेत खातं ही म्हण आपण वेगळ्या अर्थाने वापरतो. इथे ती शब्दशः खरी झाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या परिसंस्थेत पंचवीस हजारांवर विल्डबीस्ट होते. पस्तीस वर्षांत ते तीन हजारांच्याही खाली आले. ही पडझड झाली तेव्हा रेल्वेचा पूल कागदावरही नव्हता. यामागे कुठलाही एकच मोठा प्रकल्प नव्हता, उद्घाटन नव्हतं, मोर्चा नव्हता. एकेक एकर, एकेक तारेचं कुंपण.

आणि हे विकणारे लोक कुणी खलनायक नाहीत. माझ्या ओळखीचे एक मासाई म्झे होते. म्झे म्हणजे आपल्याकडे वडीलधाऱ्याला दादा-आबा म्हणतात तसं. चाळीसेक एकर जमीन, गाई, शेळ्या. मुलीला नर्सिंगला घालायचं म्हणून त्यांनी रस्त्यालगतचे चार एकर विकले. मी त्यांना काय सांगणार होतो, की झेब्र्यांसाठी पोरीला घरी बसवा? उद्यानाच्या फाटकावर पर्यटक डॉलरमध्ये तिकीट काढतो, ते पैसे सरकारी यंत्रणेकडे जातात. तोच झेब्रा सहा महिने यांच्या गाईंचं गवत खातो, तोच सिंह रात्री यांच्या गोठ्यात शिरतो, आणि यांच्या हाती काही येत नाही. कायद्यात भरपाई आहे. 2013 च्या वन्यजीव कायद्यानुसार माणूस दगावला तर पन्नास लाख शिलिंग. पण दावे वर्षानुवर्षं थकलेले असतात. जून 2012 मध्ये किटेंगेलात शेळ्या मारल्या म्हणून लोकांनी एकाच दिवशी सहा सिंह मारले. बातमी जगभर गेली. त्याआधी किती गोठे रिकामे झाले, ती कुठली बातमी?

त्याच भागात रिचर्ड तुरेरे नावाच्या मासाई मुलाने, वय अकराच्या आसपास, एक साधी युक्ती काढली होती. हलत्या उजेडाला सिंह बुजतो हे गोठा राखताना त्याच्या लक्षात आलं. जुनी गाडीची बॅटरी, एक सौर पट्टी आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा भाग जोडून त्याने गोठ्याभोवती उघडझाप करणारे दिवे लावले. पुढे ही युक्ती इतर गोठ्यांवरही गेली. मी स्वतः ज्या अहवालांवर महिनोन्महिने काम केलं, त्यांतल्या कित्येकांपेक्षा त्या पोराच्या दिव्यांनी जास्त सिंह वाचवले असतील.

पैशाची बाजू सुटू शकते का? 2000 मध्ये तिथे एक भाडेपट्टा योजना सुरू झाली. जमीनमालकाने जमीन विकायची नाही, कुंपण घालायचं नाही, खाणकाम करायचं नाही. बदल्यात एकरी वर्षाला 300 शिलिंग, तेव्हाचे साधारण चार डॉलर. हप्ते वर्षातून तीन, बरोबर शाळेच्या फीच्या वेळेला. ही फीची वेळ गाठण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार, कारण जमीन विकली जाते तीच मुळी अशा अडीअडचणीच्या आठवड्यांत. बायका पाठीमागे लागायच्या, योजनेत नाव घाला म्हणून. पण पैसा देणग्यांचा आणि आंतरराष्ट्रीय निधीचा होता. निधी आटला तसे हप्ते अडखळले. दरम्यान त्याच एकराचा भाव लाखांत गेला. चार डॉलर आणि लाखो शिलिंग यांच्या शर्यतीत कोण जिंकणार?

केनियातल्याच मसाई मारा अभयारण्याच्या भोवती वेगळा प्रयोग झाला आणि तो बराच टिकला. तिथे जमीनमालक एकत्र येऊन "कन्झर्व्हन्सी" करतात आणि पर्यटन कंपन्या त्यांना एकराप्रमाणे ठरलेलं भाडं देतात, पर्यटक कमी आले तरी. नाबोइशो ही 2010 मधली अशीच एक, सुमारे पाचशे मासाई मालकांची. त्यातही खोच आहे. कोविडमध्ये पर्यटन बसलं तेव्हा भाडी कापावी लागली. शिवाय मारात एका रात्रीच्या मुक्कामाला जो दर मिळतो तो किटेंगेलात मिळणार नाही. तिथे पाहुणा सकाळी सफारी करून दुपारच्या विमानाला जातो.

तर "समतोल साधायचा कसा" याचं माझं उत्तर जरा रुक्ष आहे. आधी हे ठरवा, की प्रश्न समतोलाचा आहे की नकाराचा. 2010 मध्ये टांझानियाने सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागातून त्रेपन्न किलोमीटरचा रस्ता काढायचं ठरवलं. दहा लाखांवर विल्डबीस्ट जिथून दरवर्षी जातात, बरोबर तिथून. तिथे भुयारी वाट, गतिरोधक, रात्रीची बंदी असला कुठलाही तोडगा मी सुचवला नसता. रस्ता दक्षिणेकडून वळवा, जास्त गावं जोडली जातील, हाच मुद्दा होता. 2014 मध्ये पूर्व आफ्रिकी न्यायालयाने डांबरी रस्त्याविरुद्ध निकाल दिला, तो योग्यच. नैरोबीचा पूल त्या जातीचा नव्हता. तो वळवता आला असता तर उत्तम. न वळवता बांधला तरी त्याने उद्यान मेलं नाही.

मात्र नैरोबीच्या त्या पुलाच्या मोबदल्यात दक्षिणेच्या मैदानांकडची वाट प्राण्यांसाठी कायमची मोकळी करून घ्यायची संधी होती, ती गेली. एवढा मोठा प्रकल्प येतो तेव्हाच सरकारच्या हातात पैसा असतो आणि सरकारवर दबावही असतो. त्या वेळी झाडं लावण्याचं आश्वासन मागू नये. हक्काचा पट्टा मागावा: अमुक रुंदीचा, नदीपासून अमुक टेकडीपर्यंत, मालकांना दरवर्षी प्रकल्पाच्या उत्पन्नातून भाडं, नोंद जमिनीच्या कागदावर. रेल्वे मालवाहतुकीवर कमावते. प्रत्येक कंटेनरमागे किरकोळ रक्कम या पट्ट्यासाठी बाजूला काढता आली असती. देणगीवर चालणारी योजना देणगीदाराचा मूड गेला की संपते, रेल्वेच्या भाड्यावर चालणारी रेल्वे चालू असेतो चालते.

दुसरं, सर्वेक्षणाच्या वेळेवर भांडा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. एका प्रकल्पात (कुठला ते राहू दे) आम्हाला प्राणी मोजायला तीन आठवडे मिळाले, तेही ऐन कोरड्या दिवसांत. कळप पाण्यापाशी होते, पलीकडच्या मैदानावर चिटपाखरू नव्हतं. अहवालात लिहिलं गेलं, की मैदानाचा वापर नगण्य. मी पावसाळी मोजणी मागितली, ती वेळापत्रकात बसत नव्हती. माझ्या सहीचा तो अहवाल अजून कुठेतरी फायलीत आहे आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नाही.

बोरिवलीशी तुलना करून "आपले बिबटे राहतात की शहरात" असं कुणी म्हणेल, म्हणून तेही सांगतो. बिबट्याला वस्ती चालते. भटकी कुत्री, अंधार आणि एक गल्ली मिळाली की त्याचं भागतं. विल्डबीस्टला गल्ली चालत नाही, त्याला मैदान लागतं. शहराशेजारच्या उद्यानात काय टिकेल, हे तो प्राणी काय खातो आणि पिल्लं कुठे घालतो यावर ठरतं, आपल्या सहिष्णुतेवर तितकंसं नाही. दक्षिणेलाही कुंपण घालून टाका, वाद मिटेल, अशी सूचनाही नैरोबीत वारंवार येते. 2020 च्या व्यवस्थापन आराखड्याच्या मसुद्यावरून यावरच गदारोळ झाला. कुंपण घातलं तर सिंह-माणूस संघर्ष कमी होईल, हे खरं. मग गवत कापावं लागेल, सिंहांची संख्या आवरावी लागेल, इतर उद्यानांतून प्राणी आणून रक्त बदलावं लागेल. ते करता येतं. दक्षिण आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी करतात. फक्त त्याचा खर्च कायमचा आहे हे मान्य करून करावं. किटेंगेला अजून पूर्ण गेलेलं नाही, काही मोकळ्या पट्ट्या आहेत, म्हणून माझं मत आजही कुंपणाच्या विरुद्ध आहे. दहा वर्षांनी विचारलंत तर कदाचित बदललेलं असेल.

पुन्हा गेलात तर ड्रायव्हरला सांगा, पूल नको, मबागाथीच्या काठावर ने. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. नदीपलीकडे पत्र्याची छपरं चमकायला लागतात. त्यांच्या मधे मोकळं गवत कुठे दिसतं ते पाहा, आणि त्या गवतात झेब्रे आहेत का ते.